उकिरड्याची दैना : मुंबईच्या क्षेपणभूमींचा इतिहास

१/
'उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते' ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. गावगाड्यात तिला शब्दशः अर्थ होता. गोठ्यातील शेण, घरातील केर, चुलीतील राख परसातल्या खड्ड्यात पडे, कुजे आणि खत होऊन शेतात जाई. उकिरडा हा शेतीचक्राचाच एक टप्पा होता. महानगराचा उकिरडा मात्र शेतात परतत नाही. तो पडला तिथेच साचतो, आणि कालांतराने त्याच्यावर उद्याने, कार्यालये, घरे उभी राहतात. मुंबईत हे दीडशेहून अधिक वर्षे चालले आहे. या जमिनींचे पुढे काय झाले आणि त्यात कुणाच्या वाट्याला काय आले, हा आजच्या धाग्याचा विषय आहे.

२/
सात बेटे जोडून मुंबई झाली, हे शाळेपासून आपल्याला ठाऊक असते. समुद्र हटवला कुणी, याची उत्तरेही पाठ असतात. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या काळात महालक्ष्मी आणि वरळी यांमधील खिंडार बांध घालून बुजवण्यात आले. तोच हॉर्नबी वेलार्ड. परंतु बांध घातल्याने भरतीचे पाणी अडते, जमीन उंच होत नाही. बांधाच्या आतला महालक्ष्मी, ताडदेव, कामाठीपुरा, भायखळा हा विस्तीर्ण पट्टा सखलच राहिला. पावसाळ्यात तिथे तळी साचत आणि वाढत्या शहराचे सांडपाणी उताराने तिथेच येऊन थांबे. म्हणजे समुद्र गेला, दलदल राहिली. ही दलदल कशाने भरली, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

३/
उत्तर आहे : डोंगर फोडून आणलेले दगड, माती आणि शहराचा केरकचरा. एकोणिसाव्या शतकात हा सखल पट्टा भरण्यासाठी शहरातील झाडलोट सर्रास वापरली गेली. प्रशासनाच्या दृष्टीने ही सोयीची युक्ती होती. कचरा टाकायला जागा हवी होती आणि जागा करायला भराव हवा होता. एका गाडीत दोन्ही कामे होत. त्या भरावात राख, चिंध्या, भाजीपाला, शेण, मेलेली जनावरे, काय नसे? वरून मातीचा थर टाकला की ती जमीन 'सुधारलेली' ठरे. पुढे याच पट्ट्यात गिरण्या आल्या, चाळी आल्या. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ मध्ये उभे राहिले तेही याच सखल भागात.

४/
या युक्तीवर आक्षेप तेव्हाही होते. डॉ. अँड्र्यू लीथ यांनी १८६४ मध्ये मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर अहवाल दिला. कापसाच्या तेजीचा तो काळ. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत पैशाचा पूर आला होता, समुद्र हटवून जमीन विकणाऱ्या कंपन्यांचे भाग चढत्या भावाने विकले जात होते, आणि त्याच शहरातील गटारे उघडी वाहत होती. १८६५ मध्ये तेजी कोसळली. त्याच वर्षी नव्या कायद्यान्वये आर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले आणि शहराला स्वतंत्र आरोग्य अधिकारी मिळाला. आजच्या महात्मा फुले मंडईचे जुने नाव याच क्रॉफर्ड यांचे.

५/
क्रॉफर्ड यांच्या काळातील एक निर्णय आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. १८६७ मध्ये कत्तलखाना शहरातून हलवून वांद्र्याला नेण्यात आला. वांद्रे तेव्हा शहराबाहेर, खाडीपलीकडे. कातडी कमावण्याचा धंदाही उत्तरेकडे सरकत धारावीच्या दलदलीत स्थिरावला. दुर्गंधीचे जे जे काही असेल ते शहराच्या वेशीवर न्यायचे, हा त्या काळातील नगरव्यवस्थेचा साधा नियम होता. त्यात एकच अडचण होती. वेस स्थिर नव्हती. शहर वाढत गेले की कालची वेस उद्या शहराच्या मध्यावर येई. मग तीच दुर्गंधी पुन्हा उचलायची आणि नव्या वेशीवर न्यायची. शंभर वर्षांनी, १९७१ मध्ये, वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला गेला, तो याच नियमाने.

६/
इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कचरा आपोआप हलत नाही. तो उचलणारे हात असतात आणि आपल्या समाजात ते हात जातीने ठरवलेले होते. नगरपालिकेच्या सफाई खात्याला कागदोपत्री 'हलालखोर खाते' म्हणत. मैला आणि केर वाहणाऱ्या जातींतील माणसे काठियावाडातून, कोकणातून, देशावरून मुंबईत आली आणि आधुनिक नगरपालिकेने गावातील जुनाच श्रमविभाग वेतनपत्रकावर चढवला. 'सुधारलेल्या' जमिनींच्या इतिहासात अभियंत्यांची नावे मिळतात, रस्त्यांना गव्हर्नरांची नावे मिळतात. टोपली वाहणाऱ्यांची नावे मिळत नाहीत. हा धागा वाचताना ही अनुपस्थिती लक्षात असू द्यावी.

७/
१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि सगळे चित्र पालटले. रोग नेमका कसा पसरतो हे तेव्हा ठाऊक नव्हते. उंदरावरील पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवला आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोवर दोष घाणीला, दमट हवेला आणि दूषित मातीला दिला जात होता. कचऱ्यावर उभ्या असलेल्या वस्त्यांकडे त्यामुळे नव्या भयाने पाहिले जाऊ लागले. ज्या भरावाला काल 'सुधारणा' म्हटले गेले, त्यालाच आता रोगाचे मूळ ठरवले गेले. जमीन तीच होती. तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

८/
या भयातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली, १८९८ चा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, ज्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. दुसरी गोष्ट कमी प्रसिद्ध आहे. नगरपालिकेने कचरा बेटाबाहेर नेण्याचे ठरवले आणि १८९७ मध्ये साष्टी बेटावरील देवनारची सुमारे ८०० एकर खाजण जमीन खरेदी केली. १८९९ पासून शहराचा कचरा आगगाडीने तिकडे जाऊ लागला. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारा लोहमार्ग १९०६ मध्ये तयार झाला आणि १९२४ मध्ये प्रवाशांना खुला झाला. आज हार्बर मार्गाने जाणाऱ्यांना कदाचित आश्चर्य वाटेल, पण त्या दिशेला माणसांच्या आधी कचरा गेला होता.

९/
सरकारी कागदपत्रांत देवनार क्षेपणभूमीच्या आरंभाचे वर्ष बहुधा १९२७ असे येते. दोन्ही तारखा ध्यानात ठेवाव्यात, कारण त्यांतील फरकाने एक मुद्दा कळतो. अधिकृत नोंद म्हणजे जागेचा आरंभ नव्हे. १९२७ पासून मोजले तर आपण एका नगरपालिका सुविधेचा इतिहास लिहितो. १८९७ पासून मोजले तर प्लेगच्या भयाने शहराबाहेर ढकललेल्या एका ओझ्याचा इतिहास लिहावा लागतो. आणि त्याच्याही मागे गेलो तर तिथे आधी खाजण होते : भरतीचे पाणी, तिवरे, मासेमारी, मीठ. पडीक म्हणून नोंदलेली जमीन वापरात नसते असे नाही; तिचा वापर करणारे बहुधा नोंदवहीत नसतात.

१०/
स्वातंत्र्यानंतर शहराच्या सीमा १९५० आणि १९५७ मध्ये वाढल्या. मुलुंड आणि दहिसरपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत आला. शहराबाहेरचे देवनार शहरात आले. त्याच सुमारास माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, तुर्भ्याच्या बाजूला अणुसंशोधन केंद्र आले. १९७६ मध्ये मानखुर्दची जनता कॉलनी उठवून हजारो कुटुंबे चिता कॅम्पला हलवण्यात आली. झोपडपट्ट्या हटवल्या की त्यांतील लोकांना गोवंडी-देवनारच्या बाजूला भूखंड देण्याची रीत पडली. शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्या क्षेपणभूमीच्या कुशीत अशाच वाढल्या. कत्तलखाना, कचरा, कारखाने आणि शहराने नको म्हटलेली माणसे, सगळ्यांचा पत्ता एकच झाला.

११/
परिणाम आकड्यात पाहायचा तर २००९ चा मुंबई मानव विकास अहवाल उघडावा. या वस्त्या ज्या 'एम-पूर्व' प्रभागात मोडतात, त्याचा मानव विकास निर्देशांक ०.०५ इतका, म्हणजे मुंबईतील सर्व प्रभागांत सर्वांत कमी होता. हे दारिद्र्य नैसर्गिक नव्हे. शंभर वर्षांच्या प्रशासकीय निर्णयांचा तो साचलेला थर आहे. भूगर्भशास्त्रज्ञ खडकाचे थर वाचतात तसे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शहराचे थर वाचता आले पाहिजेत. कोणता निर्णय कोणत्या वर्षी कोणत्या जागेवर येऊन पडला, हे एकाखाली एक मांडले की 'मागास भाग' या शब्दाचा अर्थ बदलतो.

१२/
आता थोडे विज्ञान, कारण त्यावाचून पुढचा इतिहास कळणार नाही. कचऱ्याचा ढीग उंच झाला की आतल्या थरांना हवा मिळत नाही. हवेविना कुजताना मिथेन हा ज्वलनशील वायू निर्माण होतो. पावसाचे पाणी ढिगातून झिरपताना सेंद्रिय आम्ले आणि जड धातू विरघळवून काळा द्रव होऊन खाली उतरते. मुंबईत ते थेट खाडीत आणि भूजलात जाते. बांधकामाच्या राडारोड्यातील जिप्सम कुजत्या कचऱ्यात मिसळले की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आणि ढीग वर्षानुवर्षे खचत राहतो, तोही सर्वत्र सारखा नव्हे. सारांश, वरून माती टाकल्याने कचरा संपत नाही. तो आत काम करत राहतो.

१३/
अशा जमिनीचे करायचे काय? मुंबईने गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाला चार वेगवेगळी उत्तरे दिली.

पहिले उत्तर : झाडे. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, ३७ एकरांवर शहराचा कचरा पडत असे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते थांबले. पर्यावरणप्रेमींच्या आग्रहातून आणि महानगर विकास प्राधिकरणाच्या निधीतून तिथे माती टाकून वृक्षलागवड झाली आणि १९९४ मध्ये निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज आपण त्याला महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणतो. तिथे कचरा काढला गेला नाही. त्याच्यावर वन वाढवले गेले. पक्षी आले, फुलपाखरे आली. जमिनीवर इमारतीचे वजन नाही, माणसांचा मुक्काम नाही, म्हणून ही साधी पद्धत तिथे चालली.

१४/
दुसरे उत्तर : इमारती. मालाडच्या खाडीकाठी चिंचोली बंदर परिसरात शहराचा कचरा अनेक वर्षे पडत होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्या जागेवर आणि लगत काचेची कार्यालये उभी राहिली. परदेशातील ग्राहकांचे दूरध्वनी घेणारी केंद्रे तिथे आली. काही काळातच तिथले संगणक आणि वातानुकूलन यंत्रे वारंवार बिघडत असल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. हायड्रोजन सल्फाइड तांबे आणि चांदीला खातो, आणि संगणकाच्या आत हेच धातू असतात. जी हवा यंत्रांना सोसत नव्हती, त्याच हवेत तरुण मुलेमुली रात्रपाळी करत होती. बातमी मात्र यंत्रांची झाली.

१५/
तिसरे उत्तर : झाकण. बोरिवलीजवळ गोराई खाडीच्या काठी १९७२ पासून कचरा टाकला जात होता. सुमारे १९.६ हेक्टर जागा आणि काही ठिकाणी २६ मीटरपर्यंत उंच ढीग. न्यायालयीन आदेशानंतर २००७ च्या सुमारास ती बंद करण्याचे शास्त्रशुद्ध काम सुरू झाले. ढिगाला उतार देण्यात आला, वर अभेद्य पटल पसरून माती आणि गवत लावण्यात आले, आत विहिरी खणून वायू गोळा करून जाळण्याची सोय झाली. मिथेन हवेत न सोडल्याबद्दल मिळणाऱ्या कार्बन श्रेयांवर आशियाई विकास बँकेने आगाऊ निधी दिला. कचऱ्यावर आता आंतरराष्ट्रीय बाजारात किंमत लागू लागली होती. कचरा अर्थात आतच आहे. फक्त त्याला श्वास घ्यायला नळी दिली आहे.

१६/
चौथे उत्तर : उत्खनन. मुलुंडची २४ हेक्टरची क्षेपणभूमी १९६७ पासून सुरू होती, ती ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाली. तिथे सुमारे ७० लाख टन जुना कचरा खणून काढण्याचे काम हाती घेण्यात आले. याला 'बायोमायनिंग' म्हणतात. ढीग फोडून लांब रांगा करायच्या, जिवाणूंचे द्रावण फवारायचे, रांगा उलटसुलट करून वाळवायच्या, मग फिरत्या चाळणीतून माती, दगड, प्लास्टिक, धातू वेगळे काढायचे. प्लास्टिक-चिंध्या सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात, दगड भरावाला जातात. चाळून निघालेली बारीक माती मात्र जपून वापरावी लागते. तिच्यात जड धातू असू शकतात.

१७/
या चारही उत्तरांमागे कायद्याचा एक धागा आहे. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी घनकचऱ्याच्या दुरवस्थेबाबत सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तिच्यातून २००० चे घनकचरा नियम आले आणि २०१६ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. त्यांत एक तरतूद आहे जी आपल्या म्हणीची आठवण करून देते. बंद केलेल्या क्षेपणभूमीवर १५ वर्षे देखरेख ठेवावी आणि वायू, झिरप व जमिनीचे स्थैर्य यांची खात्री पटल्यावरच तिथे मानवी वस्तीचा विचार करावा. म्हणीत बारा वर्षे, नियमात पंधरा. लोकानुभव आणि शास्त्र यांत तीनच वर्षांचे अंतर पडले! गमतीचा भाग सोडला तरी तत्त्व तेच आहे : कुजण्याला काळ लागतो आणि तो काळ घाईने विकत घेता येत नाही.

१८/
देवनारला मात्र विश्रांती मिळालीच नाही. सुमारे १३२ हेक्टरांवरचे ते ढीग वाढतच राहिले. २०१६ च्या जानेवारीअखेर तिथे आग लागली आणि ती अनेक दिवस धुमसत राहिली. धूर इतका होता की उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर फेब्रुवारीच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली. कचऱ्याची सोय नसेल तर नवी घरे बांधण्याचा अधिकार शहराला नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. १८६० च्या दशकात कचरा घालून जमीन करणाऱ्या शहराला १५० वर्षांनी कचऱ्यामुळेच बांधकाम थांबवावे लागले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह ही बंदी उठवली.

१९/
आगीनंतर कुंपण वाढले, पहारा बसला, आत जाणाऱ्यांवर बंदी आली. याचा पहिला फटका बसला कचरावेचकांना. प्लास्टिक, काच, पत्रा, तांबे वेगळे काढून भंगारवाल्याला विकणारी ही माणसे शहराचे पुनर्वापराचे काम विनावेतन करत आली होती. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक महिलांना संघटित केले, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला काम म्हणून ओळख मिळू लागली. २०१६ च्या नियमांत कचरावेचकांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण यंत्राने होणाऱ्या उत्खननात त्यांचे स्थान कोणते, याचे उत्तर निविदेच्या कागदात क्वचितच सापडते.

२०/
आता वर्तमानाकडे. २०२४ मध्ये राज्य शासनाने देवनार क्षेपणभूमीची सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय घेतला. धारावीतच घर मिळण्यास जे पात्र ठरणार नाहीत, त्यांच्यासाठी शहरात इतरत्र ज्या जागा पाहिल्या गेल्या त्यांपैकी ही एक. २०२५ मध्ये महानगरपालिकेने देवनारचा सुमारे १ कोटी ८५ लाख टन कचरा उपसण्यासाठी निविदा काढली. अंदाजित खर्च सुमारे २,३६८ कोटी रुपये आणि मुदत तीन वर्षे. सव्वाशे वर्षांत साचलेले तीन वर्षांत काढायचे आहे. खणून काढले की पंधरा वर्षे थांबण्याचे कारण उरत नाही, असा यामागचा हिशेब दिसतो.

२१/
हा हिशेब पूर्णपणे चूक नाही. ढीग गेला तर आग, धूर आणि दुर्गंधी यांतून गोवंडीकरांची सुटका होईल. ती त्यांची जुनी आणि न्याय्य मागणी आहे. परंतु ढीग जाणे आणि जमीन शुद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सव्वाशे वर्षे झिरपलेला द्रव ढिगाखालच्या गाळात आणि भूजलात आहे. तिथे काय उरले आहे याची चाचणी, ती सार्वजनिक करण्याची पद्धत आणि चाचणी नापास झाली तर काय करायचे याचा निर्णय, हे सारे घरे बांधण्याच्या आधी व्हायला हवे. धारावीचा इतिहास आठवा. कधीकाळी शहराने आपली दुर्गंधी वेशीवर नेली, ती धारावीच. आता धारावी मध्यवर्ती आणि मोलाची झाली. म्हणून तिच्यातील काही माणसे नव्या वेशीवर, जुन्या कचऱ्याच्या जागेवर जाणार.

२२/
हे फक्त मुंबईत घडते असे नव्हे. लंडनमध्ये १८४४ च्या इमारत कायद्याने घातक धंद्यांवर निर्बंध घातले, तेव्हा ते ली नदी ओलांडून पूर्वेला गेले, कारण कायद्याची हद्द तिथे संपत होती. दीडशे वर्षे तिथे रसायने, डांबर, तेल मुरले. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी तीच सुमारे अडीच चौरस किलोमीटर जमीन निवडली गेली. तिथे 'मातीचे रुग्णालय' या नावाने केंद्र उभारून लाखो टन माती धुतली गेली आणि बहुतांश पुन्हा तिथेच वापरली. तंत्र उत्तम होते. पण त्या जागेवरील क्लेज लेन ही सहकारी गृहवसाहत आणि मॅनोर गार्डनमधील जुन्या भाजीबागा आधी हटवाव्या लागल्या. माती तिथेच राहिली, माणसे हलली.

२३/
या सगळ्यातून इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? माझ्या मते तीन प्रश्न. पहिला : 'पडीक' असे कुणी आणि केव्हा लिहिले? दूषित जमिनीचा आरंभ बहुधा महसुली नोंदीतील या एका शब्दापासून होतो. दुसरा : 'शुद्ध' असे कुणी ठरवले आणि कोणत्या कामासाठी? झाडांसाठी पुरेशी शुद्ध असलेली जमीन घरांसाठी तशी असेलच असे नाही. तिसरा : जमिनीचा भाव चढला तेव्हा तिथे कोण होते आणि वर्षभराने कोण उरले? माहीम, मालाड, गोराई, मुलुंड, देवनार या पाचही ठिकाणी हे प्रश्न विचारून पाहा. उत्तरे वेगवेगळी येतात आणि फरक नेमका तिसऱ्या प्रश्नाशी सर्वांत जास्त दिसतो.

२४/
हे काम आपल्या गावीही करता येईल. पुण्यात उरुळी देवाची-फुरसुंगी, नागपुरात भांडेवाडी, छत्रपती संभाजीनगरजवळ नारेगाव, कल्याणमध्ये आधारवाडी : प्रत्येक शहराला आपला देवनार आहे. जुने नकाशे पाहा, गावकऱ्यांच्या आंदोलनांच्या बातम्या जमवा, कचरा येण्याआधी तिथे काय पिकत होते ते वृद्धांना विचारा आणि लिहून ठेवा. उद्या ती जमीन उद्यान किंवा नगर म्हणून नवे नाव घेईल, तेव्हा जुनी आठवण सांगणारे फार थोडे असतील.

उकिरड्याची दैना फिटते, हे मुंबईने वारंवार सिद्ध केले आहे. उकिरड्याच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांची दैना त्याच्याबरोबर फिटावी, हे मात्र अजून व्हायचे आहे. आणि देवनारमध्ये ते होते की नाही, हे आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत ठरणार आहे.

(धागा समाप्त. आपल्या शहरातील अशा जागांची माहिती असल्यास खाली अवश्य लिहावी.)